मास्तरांनी नापास केलेलं रक्त

रंगखान्यात मास्तरांना कुणी कधी नावानं हाक मारली नाही. ते शेडमास्तर होते, आणि शेडमास्तर म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कुणाच्या डोक्यात शिरायचा नाही. कापडाचे ताके हौदातून रंगून निघाले, सुकले, की त्यातला एकेक तुकडा कापून वरच्या मजल्यावर मास्तरांच्या टेबलावर यायचा. टेबल उत्तरेच्या खिडकीला लावलेलं. गिऱ्हाइकाचा नमुना डाव्या हातात, नवा तुकडा उजव्या हातात, आणि मास्तर खिडकीच्या उजेडात दोन्हींची शेड, म्हणजे छटा, ताडून बघायचे. मग म्हणायचे, "बसतं." किंवा म्हणायचे, "बसत नाही." बसत नाही म्हटलं की अख्खा लॉट परत हौदात. मालक असो नाहीतर गिऱ्हाईक, त्यापुढे कुणाची मात्रा चालायची नाही.

आता माणसाचं कसं असतं बघा. एका बाबतीत शब्द चालायला लागला की लोक दुसऱ्याही बाबतीत विचारायला येतात, आणि विचारायला आले की सांगायला काही ना काही सुचतंच. कुणी भाड्याचं घर बघताना मास्तरांना भिंत दाखवायला न्यायचं. कुणी मुलीसाठी सांगून आलेल्या मुलाचा फोटो टेबलावर ठेवायचं. मास्तरांनी एकदा असाच एक फोटो खिडकीशी धरला आणि सांगितलं, बसत नाही. सोयरीक फिसकटली. तो मुलगा म्हणे पुढे मोठा नावारूपाला आला, पण म्हणून मास्तर चुकले असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. लोक म्हणाले, आला असेल नावारूपाला, पण बसला नसता.

रक्ताचंही असंच झालं. रक्तपेढीची गाडी दरवर्षी रंगखान्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. पहिल्यांदा आली तेव्हा खालची माणसं बाह्या सारून निघालीच होती. जाता जाता कुणीतरी वर बघून हाक दिली, मास्तर, चला की. आणि मास्तर खिडकीपासून मागे सरकले.

सुईला ते भ्यायचे नाहीत. त्यांची भीती वेगळीच होती आणि ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. ज्या जुन्या मास्तरांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी काम सोडताना त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की डोळ्याला लाल रंग दिसतो तो अंगातल्या रक्ताच्या जोरावर. रक्त कमी झालं की पहिला लाल हातचा जातो. मग माणूस किरमिजीला लाल म्हणतो, लालला गुलाबी म्हणतो, आणि एके दिवशी मालक त्याला घरी बसवतो. पुरावासुद्धा दिला होता. त्यांच्याही आधी जे शेडमास्तर होते, त्यांचं बोट कात्रीत सापडलं, भळाभळा रक्त गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी लालचा भलताच लॉट पास केला. ते गृहस्थ तेव्हा इतके म्हातारे होते की जिना हातानं चाचपत चढायचे, हेही जुन्या मास्तरांनी सांगितलं होतं, पण ओघात. आपल्या मास्तरांनी म्हातारपण ओघातच सोडलं आणि बोट तेवढं लक्षात ठेवलं. तेव्हापासून ते दाढीसुद्धा जीव मुठीत धरून करायचे.

पण हे खाली कसं सांगणार? शेडमास्तरचा डोळा इतका नाजूक असतो हे कळलं असतं तर गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली असती. म्हणून त्यांनी खिडकीतून ठोकून दिलं, की मी आलो असतो हो, पण निळीच्या हौदाची वाफ रोज इथं वर येते, आणि निळीच्या वाफेतल्या माणसाचं रक्त चालत नाही. एवढं बोलून ते कामाला लागले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

खाली मात्र माणसं जागच्या जागी थांबली. वाफेतल्या माणसाचं चालत नाही म्हटल्यावर, हौदात कोपरापर्यंत हात घालणाऱ्याचं कसं चालायचं?

असा हात घालणारे म्हणजे निळेकाका. आयुष्य निळीच्या हौदावर गेलेलं, नखं निळी, कोपरं निळी, सुटीच्या दिवशी आंघोळ करून आले तरी कानामागे निळा डाग. ते वर आले आणि म्हणाले, माझं रक्त तर लाल आहे मास्तर, हात कापला तेव्हा या डोळ्यांनी पाहिलंय. मास्तर पेचात पडले. एकदा सांगितलेलं मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांना सुचलं ते असं. निळीच्या हौदातून कापड बाहेर येतं तेव्हा ते निळं नसतं, हिरवट पिवळं असतं. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. हे निळेकाका रोज बघत होते. मास्तर म्हणाले, रक्ताचंही तसंच असतं. आत असतं निळं, वारा लागला की होतं लाल.

तुम्ही-आम्ही हसलो असतो. पण ज्यानं उभी हयात वारा लागून कापडाचा रंग बदलताना पाहिला, त्याला ते चटकन पटलं. इतकं पटलं, की त्यानं घरी जाऊन बायकापोरांनाही पटवलं.

तिथून पुढे पायंडाच पडला. गाडी यायची असली की आदल्या दिवशी टेबलासमोर रांग लागायची. मास्तर एकेकाची खालची पापणी ओढायचे, ओठ उलटा करून हिरडी बघायचे, शेजारी लाल छटांचं कार्ड धरायचे आणि निकाल द्यायचे. सगळे नापास. धुवटमावशी रंगाआधी कोरं कापड धुऊन पांढरंशुभ्र करायच्या आणि अंगानं काडीसारख्या होत्या, म्हणून त्यांचं रक्तही धुवट ठरलं. चष्मेवाल्या कारकुनाचं सगळं सत्त्व डोळ्यांना पुरवावं लागतं, म्हणून तो बाद. ज्यानं तरुणपणी दंडावर कुणाचं तरी नाव गोंदवून घेतलं होतं, त्याला मास्तर म्हणाले, एकदा छापलेल्या कापडावर आम्ही दुसरं काम घेत नाही. साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्याचं रक्त चिकट म्हणून नको. जुळ्यांच्या आईचे दोन लॉट आधीच बाहेर गेलेले, म्हणून तीही नको. जो जेवून यायचा तो जेवला म्हणून नापास, आणि जो उपाशी यायचा तो उपाशी म्हणून.

पास फक्त एकच माणूस झाला, तो म्हणजे बॉयलरदादा. भट्टीसमोर उभे राहून त्यांचे गाल पेटलेल्या विटेसारखे झाले होते, मान पैलवानाची, आवाज शिट्टीला भारी. मास्तरांनी कार्ड त्यांच्या गालाशी धरलं आणि म्हणाले, बसतं. मग काय, दादांचा रुबाब वाढला. आणि अख्ख्या रंगखान्यात एवढं एकच रक्त चांगलं आहे म्हटल्यावर ते उगाच कुणाला कसं द्यायचं? सगळ्यांनी मिळून ठरवलं, की दादांचं रक्त ठेवणीतलं. वेळेला लागेल. त्यामुळे दादांनीही कधी दिलं नाही. गाडी दुपारपर्यंत फाटकाशी उभी राहायची, आतली माणसं डबा खायची आणि रिकामी परत जायची.

मास्तरांची बायको, तिला सगळे वहिनी म्हणत, घरच्या पुढल्या खोलीत इस्त्रीचं काम करायची. गल्लीभरचे शर्ट, चादरी, शाळेचे गणवेश तिच्याकडे यायचे. तोंडानं फटकळ, पण चुणी सोडायची नाही. मास्तर घरी आले की तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून दिवसभराचे लॉट सांगायचे आणि ती इस्त्री फिरवत हुंकार द्यायची. अलीकडे ती स्टुलावर बसून इस्त्री करायला लागली होती. मास्तर म्हणाले होते, बरं केलंस, पायांना आराम.

मग एके दिवशी कुणाची तरी उशीची खोळ जळल्याचा वास आला. मास्तर बघतात तर इस्त्री खोळीवर तशीच, आणि वहिनी टेबलावर डोकं टेकून पडलेली.

दवाखान्यात कळलं ते असं. गर्भाशयात गाठ होती, कित्येक महिने अंगावरून जात होतं, आणि तिनं ते अंगावर काढलं होतं. आता थांबायला सवड नव्हती. पण अंगात रक्तच उरलं नव्हतं, आणि रक्त हाताशी असल्याशिवाय कुठलाही सर्जन सुरी उचलायला तयार नव्हता. दवाखान्यातल्या रक्तपेढीत तुटवडा होता. तिथून सांगणं आलं, तीन रक्तदाते आणा. कुठल्याही गटाचे चालतील, आम्ही ते ठेवून घेऊ आणि तुमच्या माणसाला तिच्या गटाचं देऊ.

कुठल्याही गटाचे म्हटल्याबरोबर मास्तर ताठ झाले. ते म्हणाले, दोन वेगळ्या लॉटचा माल एका ताक्याला लावता? चट्टे उठतील. रक्तपेढीच्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, तुम्ही आधी माणसं आणा. डॉक्टरांनी मात्र बाजूला नेऊन स्पष्ट सांगितलं, की आणखी एकदा असा रक्तस्राव झाला तर त्यातून त्या उठतीलच असं नाही.  मास्तरांना घरातली ती इस्त्री आठवली आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकते हा विचारच त्यांना सोसवेना.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते असं. मास्तर रंगखान्याचा जिना उतरून खाली आले, हौदाहौदाशी जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींसाठी जीव द्यायला माणसं तयार होती. रक्त द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं, आणि तेही कंजूषपणानं नव्हे, मायेपोटी. धुवटमावशी म्हणाल्या, आधीच वहिनी पांढऱ्या पडलेल्या, त्यात माझं धुवट घालून काय करू? कारकून म्हणाला, माझ्यामुळे त्यांना चष्मा लागला तर? निळेकाकांनी मास्तरांचे हात हातात घेतले.

"माझ्या पोराच्या पहिल्या नोकरीचा शर्ट वहिनींनी इस्त्री करून दिला होता," ते म्हणाले. "त्यांच्या अंगात मी निळं घालू? मेलो तरी घालणार नाही."

मास्तर अडकले. खोटं होतं म्हणून सांगावं, तर इतक्या वर्षांचा शब्द पाण्यात. आणि रक्तात खोटं बोलणारा माणूस कापडात खरं बोलतो हे कोण मानणार? न सांगावं, तर बायको जाते. मग त्यांनी मधला मार्ग काढला आणि तो दोन्हींपेक्षा वाईट निघाला. ते एकेकाला परत तपासू लागले. धुवटमावशींच्या पापणीकडे बघून म्हणाले, तसं चालून जाईल. निळेकाकांना म्हणाले, वय झालं की निळा जरा उतरतो. गोंदणवाल्याला म्हणाले, जुनं गोंदण आता फिकं झालंय. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. जे मास्तर केसभर फरकाला लॉट परत पाठवतात, ते आज सगळ्यालाच चालेल म्हणताहेत? बायकोच्या काळजीनं मास्तरांची नजर गेली, असा बोभाटा रंगखानाभर झाला. मालकानं तर लाल लॉट वर पाठवायचेच थांबवले. म्हणाला, आधी वहिनींचं होऊ दे, मग बघू.

शेवटी उरले बॉयलरदादा. वेळेला लागेल म्हणून ठेवलेलं रक्त, आणि वेळ तर आली होती. दादांनी छाती पुढे काढली आणि सांगितलं, तीन माणसं कशाला, तिघांचं माझं एकट्याचं घ्या. रंगखान्यानं अर्धी पाळी बंद ठेवली. दादा पुढे आणि बाकीचे मागे, अशी अख्खी वरात रक्तपेढीत जाऊन बाकांवर बसली.

तिथं एक डॉक्टरीणबाई होती, ठेंगणी आणि कामाची घाई असलेली. तिनं दादांचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडला. थेंब बुडला तर रक्त पुरेसं, तरंगला तर कमी, असं तिनं सांगितलं. मास्तरांचं लक्ष थेंबाकडे नव्हतंच. ते म्हणाले, हा निळा जरा हिरव्याकडे झुकतोय. बाई थेंबाकडेच बघत होती, कारण तो तरंगत होता. तिनं दुसरा सोडला, तोही तरंगला. दादांच्या अंगात रक्त कमी होतं. गाल लाल होते ते भट्टीच्या धगीनं. दादांना लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि एवढा धिप्पाड माणूस ती चिठ्ठी हातात घेऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसला.

बाईनं बाकांकडे पाहिलं आणि विचारलं, आणखी कोण? बाकांवरच्या सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग बाईही मास्तरांकडे बघायला लागली.

"तुम्ही?" ती म्हणाली.

मास्तरांनी तिला पडद्याआड बोलावलं आणि बायकोलाही न सांगितलेली गोष्ट त्या परक्या बाईला सांगितली. बाईनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुमच्या जुन्या मास्तरांना कुणीतरी भलतंच सांगितलं होतं. आम्ही थोडंसं घेतो, त्यानं नजरेला काही होत नाही. पाण्याचा भाग दोन दिवसांत भरून येतो.

"आणि लालचा?" मास्तरांनी विचारलं.

"लाल पेशींना काही आठवडे लागतात."

झालं. मास्तरांना जे ऐकायचं होतं तेवढंच ऐकू आलं. म्हणजे लाल जातो हे खरं होतं, आणि हे डॉक्टरीणबाई स्वतःच्या तोंडानं सांगत होती. काही आठवडे लाल लॉट कुणी आणि कसे बघायचे? आणि गेलेला लाल जसाच्या तसा परत येईल कशावरून? रंगवून उतरवलेलं कापड पुन्हा रंगवलं तर पहिल्यासारखं बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाईनं पुन्हा सगळं समजावलं. मास्तरांच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. त्यांनी फक्त थोडा वेळ मागितला.

मग ते बाहेर गेले आणि लाल रंगाचा निरोप घेऊ लागले. व्हरांड्यात भिंतीवर आग विझवायचं नळकांडं लटकत होतं, त्यासमोर उभे राहून ते डोळे भरून बघत राहिले. पहारेकरी धावत आला, कुठं आग लागली का विचारायला. मास्तर म्हणाले, नाही हो, सहज. रस्त्यावर टपालपेटी होती. ऊन लागून तिचा लाल विटकरीकडे गेला होता, पण त्यांनी तिलाही नापास केलं नाही. एका उभ्या गाडीच्या मागच्या दिव्यावर हात फिरवला. कुंडीतल्या फुलाशी ते इतका वेळ वाकून राहिले, की एका बाईनं त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले, आत गेले, खाटेवर आडवे झाले आणि हात पुढे केला.

त्यांची समजूत पटली नव्हती, बरं का. डोळा जाणार आणि त्याबरोबर टेबल, खिडकी, शब्द सगळं जाणार, असंच त्या क्षणी त्या माणसाला वाटत होतं. तरी त्यानं हात पुढे केला. त्याला शहाणा म्हणा नाहीतर खुळा म्हणा.

सुई आत गेली, नळी भरली. सगळा रंगखाना खाटेभोवती जमला होता. मास्तरांनी डोळे गच्च मिटले होते, पण निळेकाका नळीवर ओणवले होते. त्यांनी नळी सुईपासून पिशवीपर्यंत बघत नेली. पिशवीचं तोंड तपासलं. मग बाईला विचारलं, यात कुठून वारा जातो का? बाई म्हणाली, अजिबात नाही, तशीच बनवलेली असते. निळेकाका सरळ झाले.

"वारा लागला नाही," ते म्हणाले, "तरी लालच आहे."

 मास्तर इतकी वर्षं निळीच्या वाफेत बसले होते. त्यांचं रक्त असं, तर बाकीच्यांचं कसं असणार? धुवटमावशी पदर खोचून पुढे झाल्या आणि जन्मात पहिल्यांदा मास्तरांना न विचारता बोट पुढे केलं. त्यांचा थेंब निळ्या पाण्यात दगडासारखा तळाला गेला. बाई म्हणाली, वजनही पुरेसं आहे, झोपा. मावशींनी तो थेंब पुन्हा दाखवायला लावला. चष्म्याचा आणि रक्ताचा संबंध काय, हे कारकुनानं विचारलं तेव्हा बाईला हसू आवरेना. गोंदण जुनं असेल तर चालतं, साखर गोळ्यांनी ताब्यात असेल तर तपासून घेता येतं, जुळी मुलं आता नोकरीला लागलीत मग काय अडचण, असं ती एकेकाला सांगत गेली. जेवून आलात ना, छान, असं ती म्हणाली तेव्हा माणसं चाटच पडली. एकाला तिनं परत पाठवलं, कारण त्यानं आदल्याच दिवशी दाढ काढली होती, आणि दाढेबद्दल मास्तर इतक्या वर्षांत अवाक्षर बोलले नव्हते. हवे होते तीन. रांग दारापर्यंत गेली.

निळेकाका सगळ्यांच्या शेवटी राहिले. खाटेवर जायच्या आधी ते मास्तरांजवळ आले. मास्तर बिस्किटाचा पुडा हातात धरून बसले होते.

"आत निळं की लाल, तुम्हाला माहीत होतं?" निळेकाकांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"मग सांगितलंत कशाला?"

मास्तर बिस्किटाच्या पुड्याची कडा दुमडत राहिले. निळेकाका तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि रक्त देऊन, निरोप न घेता निघून गेले. बाकीचे मात्र वाटेतच सावरले. फाटकापर्यंत पोचेतो त्यांचं असं ठरलं, की मास्तरांना आधीपासून सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी सगळ्यांचंच रक्त वहिनींसाठी राखून ठेवलं होतं. काय दूरदृष्टी बघा. जित्याची खोड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि नीट पार पडलं. मास्तर मात्र रक्त दिल्यापासून एकाही लाल वस्तूकडे बघत नव्हते. न बघितलं तोवर गेला असं कुठं सिद्ध होतं? ते मान खाली घालून चालत, आणि चौकात सिग्नल कुठला लागलाय हे शेजारच्या माणसाला विचारून रस्ता ओलांडत. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यातून तर ते भिंतीकडे पाठ करून आडवे चालत गेले.

ऑपरेशननंतरच्या सकाळी त्यांना खोलीत सोडलं तेव्हा वहिनीच्या हाताला नळी लावलेली होती आणि वर पिशवी टांगलेली होती. आता मात्र बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मास्तरांनी हळूहळू मान वर केली.

लाल होता. अस्सल, भरदार, तळाशी जरा काळसर, आणि नळीत उतरताना छटाभर उजळ. दोन्हींतला फरक त्यांना लख्ख दिसला. मास्तर मटकन स्टुलावर बसले आणि तोंडावर हात ठेवून रडले. मग त्यांना आठवलं, की हा कुणाचा तरी परका लॉट आहे. ते उठले आणि पांघरूण सारून तिचे दंड, मान, कानामागचा भाग असं सगळीकडे चट्टे शोधू लागले. नर्सनं हटकलं तेव्हा थांबले. चट्टा कुठं नव्हता. कुणाचं रक्त हो हे, असं त्यांनी विचारलं. नर्स म्हणाली, ते कुणालाच माहीत नसतं. कुणाचं का असेना, मास्तरांनी मनात त्याला हात जोडले.

आणि तेवढ्यात त्यांना ते दिसलं. वहिनीच्या खालच्या ओठाला, अगदी मधोमध, रंग आला होता. इतका थोडा, की कार्डावरच्या दोन छटांमध्येही मावला असता. त्यांनी नर्सला दाखवलं. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, मला तर काही फरक दिसत नाही. डॉक्टर फेरीला आले, त्यांनाही दिसला नाही. मास्तरांना मात्र तो वाढताना दिसत होता.

दुपारी ती नीट जागी झाली. मास्तरांना राहवेना. त्यांनी तिचा हात धरून सगळं सांगून टाकलं. जुने मास्तर, ते बोट, रंगखान्यातला खोटेपणा, टपालपेटी, सगळं. तुझ्यासाठी मी डोळ्यावर पाणी सोडलं होतं, असंही सांगितलं, आणि ती काय म्हणते याची वाट बघत थांबले. ती छताकडे बघत ऐकत होती.

"पण डोळा शाबूत आहे बघ," ते म्हणाले. "तुझ्या ओठाला रंग आलाय. इथं कुणालाच दिसत नाही. मला दिसला."

"आला तो दिसला," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द सगळे ऐकू आले. "रोज समोर बसत होतात. जात होता तेव्हा कुठं बघत होतात?"

 मास्तरांनी स्टूल पलंगाच्या दुसऱ्या अंगाला, खिडकीचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता तिकडे ओढलं आणि बसले. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, तर ते तसेच बघत होते. असं काय बघता, लोक हसतील, असं ती म्हणाली. मास्तर उठले नाहीत.